राहून गेलेला हूक

बॉनेट बसवून झालं की उस्ताद दोन्ही तळवे टेकवून ते दोनदा दाबायचे, पुढची कड धरून एकदा वर ओढायचे आणि गाडीच्या मालकाकडे न बघता म्हणायचे, “न्या.” बत्तीस वर्षं हा कार्यक्रम असाच चालत आला होता. वर्कशॉपातले लोक त्यांना तोंडावर ‘उस्ताद’ आणि पाठीमागे ‘दोनदा’ म्हणत. पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं. आवडतही होतं. पण आवडतं हे कुणाला कळू नये म्हणून ते ऐकू आलं की कपाळाला आठ्या घालायचे.

दुसऱ्याची चूक पकडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एखाद्याच्या हातून साधा वॉशर लावायचा राहिला, तर उस्ताद ओरडत नसत. तो वॉशर तळहातावर घेऊन वर्कशॉपभर हिंडत आणि प्रत्येकाला अदबीनं विचारत, “हा आपला का हो?” ज्याचा असे त्याला वाटे, त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात मात्र उस्तादांच्या खिशात वॉशरपेक्षा बरीच मोठी वस्तू होती, आणि ती आपली का, असं ते कुणालाच विचारत नव्हते.

झालं होतं असं. सोमवारी सकाळी त्यांचे व्याही वर्कशॉपात आले. व्याही म्हणजे सुनेचे वडील. त्यांची गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणली होती. उस्तादांनी चार दिवसांपूर्वी स्वतःच्या हातानं बसवलेलं नवं बॉनेट मधोमध दुमडलं होतं आणि समोरच्या काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले होते.

“व्याहीबुवा, मला माफ करा,” व्याही म्हणाले. “तुमच्या कामाची मी पार माती केली.”

व्याही नोकरीत असताना वजनमाप निरीक्षक होते. उभी हयात दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेलेली. अजूनही घरच्या काट्यावर उभं राहण्याआधी काटा शून्यावर आहे ना, हे वाकून बघायचे. आपली चूक असली की माणूस ती झाकतो. व्याही ती शोधून काढायचे, आणि सापडली नाही तर थोडे नाराज व्हायचे. या वेळी त्यांना सापडली होती.

“शनिवारी एका मित्राकडे गेलो होतो,” ते सांगू लागले. “त्याला म्हटलं, बघ आमच्या व्याह्यांचं काम. बॉनेट उघडून दाखवलं. बंद करताना वाटलं, नवा रंग आहे, आपटायला नको. हळूच टेकवलं. तेच चुकलं. रविवारी मोठ्या रस्त्याला लागलो, एक खड्डा आला, आणि बॉनेट उठून धाडकन काचेवर. समोरचं काही दिसेना. ब्रेक दाबला, गाडी गेली रोपवाटिकेच्या कुंड्यांत. बत्तीस कुंड्या फुटल्या. मी मोजल्या.”

“तुम्हाला लागलं नाही ना?”

“मला काय लागतंय! पण कुंड्यांच्या पुढे एक बाई उभी होती. बाबागाडीत सहा महिन्यांचं मूल. दहा पावलं, व्याहीबुवा. नंतर मी चालून बघितली. नऊ आणि वर थोडं.”

उस्तादांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “होतं असं. वयानुसार हात हलका पडतो.” हे बोलताना त्यांना आपण फार उदार आहोत असं वाटलं. पुढचे पाच दिवस हे वाक्य त्यांना वेळी-अवेळी आठवणार होतं.

मंगळवारी दुसरं बॉनेट जुन्या गाड्यांच्या बाजारातून आलं. त्याला बिजागरीचे बोल्ट हवे होते, म्हणून उस्ताद वर्कशॉपाच्या मागे गेले. तिथे भिंतीला व्याह्यांच्या गाडीचं अगदी मूळचं, कडेनं गंजून चाळण झालेलं बॉनेट टेकवून ठेवलेलं होतं. त्याच्या पुढच्या कडेला, आतल्या बाजूनं, दोन बोल्टांवर हूक होता.

उस्ताद बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले.

या गाडीत बॉनेटला दोन राखणदार असतात. एक मुख्य लॉक, ते खाली गाडीत बसवलेलं. दुसरा हा हूक, तो बॉनेटवर. लॉक कधी सुटलंच तर हूक बॉनेटला धरून ठेवतो, उडू देत नाही. बॉनेट बदललं की हूक जुन्यावरून काढून नव्यावर लावायचा असतो. तो इथे होता. म्हणजे नव्यावर नव्हता. म्हणजे लॉक सुटल्यावर व्याह्यांचं बॉनेट धरून ठेवायला जगात कुणीही नव्हतं. आणि लॉक सुटलं ते हळू टेकवल्यानं नव्हे. उस्तादांनीच ते एक सूत, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर, वर बसवलं होतं. आत येऊन गाडीवर मोजलं तेव्हा तेही दिसलं. हूक असता तर हे सूतभर खपून गेलं असतं.

मग त्यांना बॉनेट बसवलं तो गुरुवार आठवला, आणि कानाची पाळी गरम झाली.

एरवी उस्ताद बॉनेट बसवत असताना कुणी तोंड उघडायचं नाही, असा वर्कशॉपाचा नियम होता. पण व्याह्यांना गप्प बसा कोण म्हणणार? दोघांचं नातं मुलांच्या लग्नापासून इतकं आदराचं होतं की दोघांनाही त्याचा त्रास व्हायचा. कुठल्याही दारात दोघे ‘तुम्ही आधी’, ‘छे छे, तुम्ही’ करत अडकून पडायचे आणि विहीणबाई मधून वाट काढून निघून जायच्या. गुरुवारी व्याही थर्मासभर चहा घेऊन आले होते. “हा काय हो प्रकार?” त्यांनी जुन्या बॉनेटच्या हुकाकडे बोट दाखवून विचारलं होतं, आणि उस्तादांनी पाना खाली ठेवून हुकावर व्याख्यान दिलं होतं. “लॉक झोपलं तरी हा जागा असतो. याला विसरला तो मेकॅनिक नव्हे, खाटीक.” व्याह्यांनी मान डोलावली होती. मग चहा. मग ‘तुम्ही आधी’. मग उस्तादांनी बिजागऱ्या आवळल्या, लॉक जुळवलं, दोनदा दाबलं, एकदा ओढलं. लॉकनं बॉनेट घट्ट धरलं होतं, त्यामुळे दाबणं आणि ओढणं दोन्ही झकास पार पडलं. ज्याच्यावर व्याख्यान झालं तो हूक भिंतीशी राहिला.

मंगळवारी उस्तादांनी तो काढला, रुमालात गुंडाळला आणि खिशात घातला. ठरवलं, बुधवारी सांगायचं. बुधवारी व्याह्यांचा फोन लागला नाही, कारण उस्तादांनी तो लावला नाही. गुरुवारी वाटलं, अशा गोष्टी फोनवर बोलू नयेत. शुक्रवारी वाटलं, आधी काम पुरं करावं, मग निवांत सांगता येईल. माणसाला टाळायचंच असलं की त्याच्या अंगी अशी शिस्त येते.

शुक्रवारी जेवताना सून म्हणाली, “बाबा, अण्णा दिवसभर खिडकीशी बसून असतात. आई फोनवर सांगत होती.” अण्णा म्हणजे तिचे वडील.

“हं,” उस्ताद म्हणाले.

“गाडी आता विकायचीच. माझ्या ऑफिसमधल्या एकांना हवीच आहे, रविवारी बघायला येतायत. अण्णा किल्ली द्यायला तयार आहेत. आईचे गुडघे बसची पायरी चढत नाहीत; ती म्हणते, आता घरीच बसू. पण अण्णांच्या मनाला ते फार लागलंय. तुम्ही सांगितलंत ना, की या वयात गाडी सोडलेली बरी, तर त्यांना पटेल. तुम्हाला त्यातलं कळतं.”

“हो बाबा,” मुलानं री ओढली. “तुमचा शब्द म्हणजे शेवटचा.”

“बघू.”

“बघू काय बाबा?” सून म्हणाली. “उद्या दुसऱ्या कुणाचं लेकरू समोर आलं म्हणजे?”

उस्तादांना ठसका लागला. सुनेनं पटकन पाण्याचा पेला पुढे केला आणि पाठीवरून हात फिरवला. “सावकाश,” ती म्हणाली. उस्तादांना वाटलं, हिनं तो पेला डोक्यावर ओतला असता तर पाणी गोड लागलं असतं.

शनिवारी सकाळी व्याही आले. बरोबर सून होती, गाडीची कागदपत्रं ठेवायची पिशवी घेऊन. व्याही आत न येता लांब भिंतीशी उभे राहिले.

“या ना इकडे,” उस्ताद म्हणाले.

“नको. मागच्या वेळी मी फार बडबड केली. कामात अडथळा नको.”

बॉनेट उचलायला दोन माणसं लागतात. दुसऱ्या बाजूला वर्कशॉपाचा रंगारी होता. पन्नाशीचा, सुकडा, आणि जिभेला पॉलिश पेपर लावलेला. दोघांनी बॉनेट बिजागऱ्यांवर टेकवलं.

“उस्ताद, आज इतके हळू का?”

“वजन आहे.”

“वजन तर सगळं माझ्याकडे आलंय.”

बोल्ट लागले. दोन्ही बाजूंची फट सारखी झाली. लॉक या वेळी उस्तादांनी पट्टी लावून तीनदा मोजलं. आता फक्त हूक राहिला. उस्ताद उगाच पाना पुसत राहिले.

तेवढ्यात भिंतीपासून आवाज आला. “व्याहीबुवा, एक विनंती होती. गाडी तर जाणारच. पण तो हूक मला पुन्हा एकदा समजावून सांगाल का? मागच्या वेळी तुम्ही इतकं जीव तोडून सांगितलंत, आणि मी नीट लक्ष दिलं नसणार. नाहीतर असं झालं नसतं.”

उस्तादांचा हात खिशात गेला. रुमाल बाहेर आला. रुमालातून हूक.

“हा खिशात कसा?” रंगाऱ्यानं विचारलं.

“व्याहीबुवा,” उस्ताद म्हणाले, आणि पुढचं सगळं त्यांनी हुकाकडे बघत म्हटलं. “हा मी त्या गुरुवारी लावलाच नव्हता. जुन्या बॉनेटवर राहिला. लॉकही वर बसवलं होतं. तुमची काही चूक नाही. सगळं माझं.”

उस्ताद वाट बघू लागले. चार दिवस त्यांनी या क्षणाच्या परोपरीनं तयाऱ्या केल्या होत्या: व्याही ओरडतील, सून रडेल.

सून रडलीच. “बाबा!” ती म्हणाली. “अण्णांना वाईट वाटू नये म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय!”

“अगं नाही...”

“नाही नाही, व्याहीबुवा,” व्याही भिंत सोडून लगबगीनं पुढे आले. त्यांचे डोळे भरले होते. “एवढं मोठं मन! पण मी हे होऊ देणार नाही. माझं खोटं वजन तुमच्या पारड्यात कसं टाकू?”

“मी खरंच सांगतोय! विसरलो मी!”

“उस्ताद आणि हूक विसरतील?” रंगारी खो खो हसला. “एक वेळ इंजिन विसरतील.”

उस्ताद थक्क झाले. बत्तीस वर्षं त्यांनी आपली अब्रू जिवापाड जपली होती. आता नको झाली तर ती अंगाला चिकटून बसली होती. आणि खरं सांगायचं तर, एक क्षणभर त्यांना वाटलंही, राहू द्यावं. खरं बोलून झालं होतं. सगळ्यांसमोर, स्पष्ट शब्दांत. कुणी ऐकलं नाही तर त्याला आपण काय करणार? वर मोठ्या मनाची पदवी. इतकी सोय माणसाच्या वाट्याला क्वचितच येते.

मग व्याह्यांनी खिशातून किल्ली काढली आणि मुलीच्या हातात ठेवली. ठेवताना त्यांची बोटं किल्लीवरून लगेच सुटली नाहीत.

“थांबा,” उस्ताद म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “इकडे या. तुम्ही तराजू तपासलेत ना जन्मभर? आता हे तपासा.”

त्यांनी कोपऱ्यातून रविवारी दुमडलेलं बॉनेट ओढून आणलं आणि उलटं केलं. पुढच्या कडेला हुकाची दोन भोकं होती. “बघा. आतले आटे रंगानं भरलेत. रंग कुणाचा?”

रंगाऱ्यानं वाकून बघितलं. त्याचं हसू हळूहळू उतरलं. “माझा,” तो म्हणाला. मग नाइलाजानं: “पाना फिरला असता तर उडाला असता. इथे टवकाही उडालेला नाही. इथे बोल्ट कधी लागलाच नाही, उस्ताद.”

व्याह्यांनी चष्मा पुसला, घातला, आणि ती दोन भोकं बघितली. एकेकात करंगळीचं नख घालून फिरवलं. मग हूक हातात घेऊन त्याचे बोल्ट बघितले. दुकानदाराच्या वजनाखालचं शिक्क्याचं शिसं तपासताना ते असेच दिसत असणार.

“मित्राकडे मी गाडीतली बॉनेट उघडायची दोरी ओढली,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “तर बॉनेट आपोआप वर आलं. फटीत बोट घालावंच लागलं नाही. मी मित्राला म्हटलं, बघ, व्याह्यांच्या हातात जादू आहे.”

उस्तादांनी मान खाली घातली.

“हा तुम्हाला कधी सापडला?”

“मंगळवारी.”

“आज शनिवार.”

“हो.”

“बुधवारी मी त्या बाईंकडे गेलो होतो,” व्याही म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “रोपवाटिकेतून पत्ता घेतला. त्यांच्या घरात बसून सांगितलं, माझं वय झालं, मला साधं बॉनेट लावता येत नाही, मी यापुढे गाडीला हात लावणार नाही. बुधवारी. तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

विसरलो म्हणायला उस्तादांना चार दिवस लागले होते. हा ‘हो’ त्याहून जड होता. विसरणं गुरुवारचं, ते एकदाच झालं. हे मात्र त्यांनी रोज उठून नव्यानं केलं होतं. त्यांनी सुनेकडे बघितलं. तिचे डोळे कोरडे झाले होते. उस्तादांच्या बाजूला उभी होती, ती दोन पावलं चालून वडिलांच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

“हूक बसवा,” व्याही म्हणाले.

उस्तादांनी बसवला. दोन बोल्ट, दहा नंबरचा पाना, तीन मिनिटांचं काम. बॉनेट खाली आणलं, आणि सवयीनं तळवे टेकवायला पुढे झाले.

“राहू द्या. मी बघतो.”

व्याह्यांनी स्वतः दोरी ओढली. बॉनेट दोन बोटं उचललं आणि थांबलं. हुकानं धरलं होतं. त्यांनी फटीत बोट घातलं, हूक सोडवला, बॉनेट उघडलं, बंद केलं. पुन्हा दोरी ओढली. असं चार वेळा. मग व्याह्यांनी मुलीपुढे हात केला. तिनं किल्ली दिली.

“अण्णा, त्या रविवारच्या गिऱ्हाइकाला...”

“नाही म्हणून सांग.” ते गाडीत बसले आणि शेजारचं दार आतून ढकललं. “बसा, व्याहीबुवा.”

“कुठे जायचंय?”

“बसा.”

तुम्ही आधी, वगैरे काही झालं नाही. उस्ताद ग्रीसच्या हातांनी तसेच बसले. व्याह्यांनी गाडी सफाईनं काढली, वळणावर आरसा बघितला, सिग्नलला अलगद थांबवली. समोर बॉनेट होतं, आणि उस्तादांना नजर ठेवायला दुसरी जागा नव्हती.

एका तीन मजली इमारतीपाशी गाडी थांबली. व्याह्यांनी आपल्या बाजूची काच खाली केली.

“तिसरा मजला, डावीकडचं दार,” ते म्हणाले. “मी माझं सांगून आलो होतो. ते खोटं निघालं. खरं तुम्ही सांगून या.”

“तुम्ही येत नाही?”

“मी एकदा गेलोय.”

उस्ताद जिना चढले. प्रत्येक मजल्यावर थांबले. गुडघे दुखत होते म्हणून थांबतोय, असं त्यांनी स्वतःला सांगून बघितलं. तिसऱ्या मजल्यावर एका तरुण बाईनं दार उघडलं. तिच्या कडेवर मूल होतं, गुबगुबीत, दात नसलेलं. ते उस्तादांकडे बघून तोंडभर हसलं. उस्तादांना बघून सहसा कुणी हसत नसे.

“मी गाड्यांचं काम करतो,” ते म्हणाले. “त्या रविवारच्या गाडीचं... ते बॉनेट...”

“ते काका येऊन गेले ना. त्यांनी सांगितलं सगळं.”

“त्यांनी चुकीचं सांगितलं. चूक माझी होती.”

बाई गोंधळली. आतून काठीचा आवाज आला आणि एक म्हातारी तिच्या मागे येऊन उभी राहिली. “कोण गं?”

“आई, मेकॅनिक आलेत. त्या गाडीचं काहीतरी सांगतायत.”

“काय?” म्हातारीनं कान पुढे केला. “मोठ्यानं बोला. मला कमी ऐकू येतं.”

उस्तादांनी थोडं मोठ्यानं सांगितलं.

“अजून मोठ्यानं.”

समोरचं दार उघडलं. कुणीतरी खालच्या जिन्यावरून मान वर करून बघू लागलं. जिन्याच्या खिडकीतून खाली गाडी दिसत होती, तिची उघडी काच दिसत होती, आणि काचेतून बाहेर आलेलं व्याह्यांचं कोपर. उस्तादांनी श्वास घेतला. वर्कशॉपात मशीन चालू असताना पलीकडच्या टोकापर्यंत पोचणारा आवाज त्यांच्याकडे होता. आजवर तो दुसऱ्यांना हाका मारायला राखून ठेवलेला होता.

“हूक लावायला मी विसरलो!” ते ओरडले. “त्या गृहस्थांची काही चूक नव्हती! आणि हे मला मंगळवारपासून माहीत होतं!”

मूल रडायला लागलं.

“हां, आता ऐकू आलं,” म्हातारी म्हणाली. तिनं उस्तादांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “मग बुधवारी तो बिचारा इथे बसून का रडत होता?”

त्याचं उत्तरही उस्तादांना मोठ्यानंच द्यावं लागलं.